एकोणिसाव्या वर्षानंतर फलंदाजाचं काय होतं?

6 फेब्रुवारी 2024. दक्षिण आफ्रिकेतल्या बेनोनीत 19 वर्षांखालील विश्वचषकाची उपांत्य फेरी चालली होती. समोर 245 धावांचं लक्ष्य आणि भारत 4 बाद 32. तिथून बीडच्या सचिन धसने 95 चेंडूंत 96 धावा केल्या, कर्णधार उदय सहारनबरोबर 171 धावांची भागी रचली आणि भारताने सामना दोन गडी राखून काढला. दुसऱ्या दिवशी जालन्यात मला भेटेल तो माणूस एकच विचारत होता, "मग, आता हा मोठ्या टीममध्ये कधी?"

मी जिल्ह्याच्या सामन्यांना स्कोअरर म्हणून बसतो. अनेक वर्षांच्या वह्या घरात पडून आहेत. त्यामुळे लोकांना वाटतं, याला उत्तर माहीत असेल. उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख. चौदाव्या, सोळाव्या, एकोणिसाव्या वर्षी ढिगाने धावा करणारं पोरगं मोठ्यांच्या क्रिकेटमध्ये गेल्यावर नेमकं कशाला सामोरं जातं, काही जण तिथे का अडकतात आणि काही जण कसे सुटतात, हे जमेल तितकं सोपं करून सांगतो.

आधी वयोगटाचा हिशेब समजून घेऊ. आपल्याकडे मुलगा कोणत्या गटात बसतो ते 1 सप्टेंबर या तारखेवर ठरतं. म्हणजे एकाचा जन्म सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातला आणि दुसऱ्याचा पुढच्या ऑगस्टमधला, तरी दोघं एकाच वर्षाचे धरले जातात. प्रत्यक्षात एक जण जवळजवळ वर्षभराने मोठा. पंचविशीत वर्षभराने काही बिघडत नाही, पण चौदाव्या वर्षी फार बिघडतं. एकाचा आवाज फुटलेला, खांदे भरलेले, बॅट हातात खेळण्यासारखी. दुसरा अजून लहान मापाच्या पॅडमध्ये. मोठ्या अंगाच्या मुलाने चेंडूवर नुसती बॅट आणली तरी तो सीमेपार जातो. निवड त्याची होते, मग चांगलं कोचिंग त्याला मिळतं, जास्त सामने त्याला मिळतात. यात त्याची लबाडी काही नाही. पण त्याच्या धावांमध्ये त्याचं कौशल्य किती आणि त्याचं वय किती, हे तेव्हा कुणालाच सांगता येत नाही. बाकीचे अंगाने भरले की हा फायदा आपोआप विरतो. इंग्लंडमधल्या क्रिकेट आणि रग्बीच्या अकादम्यांचा अभ्यास झाला तेव्हा उलटच चित्र दिसलं. गटात वयाने लहान असलेली मुलं आत कमी येतात, पण आलेल्यांपैकी मोठ्यांच्या खेळापर्यंत पोचण्याचं त्यांचं प्रमाण जास्त असतं. कारण ताकद कमी म्हणून त्यांना डोकं आणि पाय वापरावे लागलेले असतात.

म्हणून कुणी मला सोळा वर्षांच्या मुलाचं द्विशतक सांगितलं की मी विचारतो, धावा कुठे केल्या? सगळ्या मिडविकेटला, म्हणजे लेगच्या बाजूला ताकदीने ओढून मारलेल्या असतील तर थोडं थांबू. कव्हरला, थर्डमॅनला, सरळ, अशा पसरलेल्या असतील तर कान टवकारतो.

आता वेग. खेळपट्टी 22 यार्डांची, म्हणजे 20 मीटरच्या किंचित वर. गोलंदाजाच्या हातातून सुटलेल्या चेंडूला बॅटपर्यंत साधारण साडेसतरा मीटर जायचं असतं. ताशी 115 किलोमीटरचा चेंडू हे अंतर जेमतेम 0.55 सेकंदात कापतो. ताशी 140 चा असेल तर 0.45 सेकंद. फरक सेकंदाच्या दहाव्या भागाचा. ऐकायला काहीच नाही. पण माणसाचा डोळा काहीतरी नवीन पाहतो आणि हात त्याप्रमाणे वळतो, यात जवळपास 0.2 सेकंद जातात. म्हणजे शेवटच्या 0.2 सेकंदात चेंडूने काहीही केलं तरी बॅटची दिशा बदलायला वेळच उरलेला नसतो. 115 च्या चेंडूला विचार करायला 0.35 सेकंद मिळतात, 140 ला 0.25. विचाराचा वेळ जवळजवळ तीस टक्क्यांनी घटला.

मग मोठे फलंदाज खेळतात कसे? त्यांचे डोळे काही वेगळ्या मातीचे नसतात. ते चेंडू सुटायच्या आधीपासूनच वाचायला लागतात. गोलंदाजाची धाव, खांद्याचा कल, मनगट, शिवणीवरची बोटं, यावरून टप्पा कुठे पडणार याचा अंदाज बांधलेला असतो. चेंडू सुटला की त्यांची नजर त्याच्या मागे धावत नाही, जिथे टप्पा पडणार तिथे आधीच जाऊन बसते. ही विद्या पुस्तकात नाही आणि बॉलिंग मशीनमध्ये तर नाहीच, कारण मशीनला मनगट नसतं. ती येते फक्त चांगल्या, जाणत्या, वयाने मोठ्या गोलंदाजाला हजारो चेंडू खेळून.

मला वाटतं, मराठवाड्याची सगळ्यात मोठी अडचण इथे आहे. आपल्याकडे पोरं कमी नाहीत, हौस कमी नाही. आठही जिल्ह्यांत सकाळी सहाला मैदानावर जा, किटबॅगा दिसतील. कमी आहेत ते पोरांना रोज गोलंदाजी टाकणारे तीस वर्षांचे गोलंदाज. आपला चांगला गोलंदाज एक तर नोकरीला पुण्याला जातो, नाहीतर चोविसाव्या वर्षी खेळ सोडून दुकानावर बसतो. मग अठरा वर्षांचं पोरगं नेटमध्ये कुणाला खेळतं? अठरा वर्षांच्याच पोराला.

दुसरी अडचण पायाखालची. आपली बरीच मुलं मॅटवर वाढतात. सिमेंट किंवा मुरूम दाबलेला पट्टा, त्यावर मॅट. मॅटवर उसळी चांगली आणि एकसारखी मिळते, चेंडू बॅटवर येतो. त्यामुळे मुलाला रेषेत बॅट फिरवायची सवय लागते आणि ती तिथे फळते. टर्फवर, म्हणजे माती-गवताच्या खऱ्या खेळपट्टीवर, सकाळच्या दमटपणात तोच चेंडू शिवणीवर पडून इंचभर आत-बाहेर होतो, तिसऱ्या दिवशी घोट्याखालून जातो, चौथ्या दिवशी फिरकीला वळतो. मॅटवर स्पाइकचे बूट चालत नाहीत, ही छोटी वाटणारी गोष्टही ध्यानात घ्या. पुण्याला निवडचाचणीला निघालेल्या एका पोराने आदल्या संध्याकाळी पहिल्यांदा स्पाइक पायात घातले होते. घरच्या अंगणात फरशीवर टकटक आवाज करत तो चालून बघत होता. दुसऱ्या दिवशी पुढचा पाय टाकताना तो जमिनीत रुतायचा, वळायचा नाही, कारण पाय सरकवण्याची सवय मॅटची. आठ चेंडूंत चाचणी संपली आणि रात्रीच्या एसटीने तो परत.

आता ज्याच्यासाठी ही वही उघडली ते दाखवतो. परभणीकडचा एक मुलगा, नाव नको. 19 वर्षांखालील जिल्हा सामन्यात त्याच्या 104 चेंडूंत 118 धावा. पंधरा चौकार, त्यातले अकरा लेगला. पान भरून गेलेलं, आकडेच आकडे. त्यानंतर महिन्याभराने तोच मुलगा मोठ्यांच्या एका निमंत्रित सामन्यात. 38 चेंडू, 6 धावा, झेल स्लिप. हे पान बघितलं तर टिंबंच टिंबं, म्हणजे धाव न निघालेले चेंडू. समोर बत्तीस-तेहतीस वर्षांचा मध्यमगती गोलंदाज, वेग फार तर 120. तो काय करत होता? ऑफ यष्टीच्या वितभर बाहेर, एकाच टप्प्यावर, एकामागून एक. कर्णधाराने मिडविकेटला दोन माणसं लावली आणि कव्हर मुद्दाम मोकळं सोडलं. चार षटकं मेडन, एकही धाव नाही. पाचव्या षटकात एक चेंडू थोडा पुढे, थोडा जास्त बाहेर आला. पोराने मोकळ्या कव्हरकडे बॅट फेकली आणि कड लागली.

सामना संपल्यावर चहाच्या गाड्यावर तो त्या गोलंदाजाजवळ गेला.

"दादा, तुमचा बॉल तर नीट दिसायला होता. मग मारता का येईना?"

"तू बॉल मारायचा बघत होतास," तो कप खाली ठेवत म्हणाला, "मी तुला कंटाळा कधी येतो ते बघत होतो."

कुमार आणि वरिष्ठ क्रिकेटमधला फरक मला याहून नेमका कुणी सांगितलेला नाही. कुमार गटात जवळजवळ प्रत्येक षटकात एक तरी वाईट चेंडू मिळतो. फलंदाजाने फक्त वाट बघायची. वरिष्ठ गटात तीन-तीन षटकं वाईट चेंडू येत नाही. कुमार गटात दोन चौकार बसले की कर्णधार माणसं पांगवतो. वरिष्ठ गटात तुझा आवडता फटका कोणता हे तू मैदानात यायच्या आधी ठरलेलं असतं आणि तो बंद केलेला असतो. आता तर राज्य पातळीवर सामन्यांचं चित्रण होतं, प्रत्येक संघात व्हिडिओ बघणारा माणूस असतो. एखादा पोरगा पहिल्या मोसमात पाचशे धावा करतो तेव्हा त्याला कुणी ओळखत नसतं. दुसऱ्या मोसमात सगळे ओळखतात. खरी परीक्षा त्या दुसऱ्या मोसमात असते.

आणि इथे एक गोष्ट ठळक सांगायची आहे. त्रुटी प्रत्येकात असते. पुढे जातो तो त्रुटी नसलेला फलंदाज नसतो, त्रुटी उघडी पडल्यावर ती दुरुस्त करणारा असतो. पृथ्वी शॉ 2018 मध्ये विश्वविजेत्या 19 वर्षांखालील संघाचा कर्णधार होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजकोटला कसोटी पदार्पणात त्याने 134 धावा केल्या. डिसेंबर 2020 मध्ये अॅडलेडला तो 0 आणि 4 वर त्रिफळाचीत झाला. दोन्ही वेळा बॅट आणि पॅडमधल्या फटीतून. पुढच्या मेलबर्न कसोटीत त्याची जागा शुभमन गिलकडे गेली, म्हणजे 2018 च्या त्याच संघाच्या उपकर्णधाराकडे. दोघांत गुणवत्ता कुणाची जास्त, यावर कट्ट्यावर वाद घालता येईल. मला शॉबद्दल मनापासून आपुलकी आहे आणि 2025 मध्ये तो महाराष्ट्राच्या संघात आला याचा आनंदही आहे. पण इतक्या लवकर इतक्या उंचीवर गेलेल्या मुलाला आपली दुरुस्ती सगळ्या जगासमोर, कॅमेऱ्याच्या उजेडात करावी लागते. ती शांतपणे, कुणी बघत नसताना करायला जी वर्षं लागतात, ती त्याला मिळालीच नाहीत.

ज्यांना ती मिळाली त्यांचं उदाहरण मयंक अगरवालचं. 2010 चा 19 वर्षांखालील विश्वचषक खेळलेला हा मुलगा कसोटीत आला डिसेंबर 2018 मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी. मेलबर्नला पहिल्याच डावात 76. मधली आठ वर्षं चढउताराची. 2017-18 च्या रणजी मोसमाच्या सुरुवातीला त्याच्या धावा होत नव्हत्या, आणि मग नोव्हेंबरमध्ये पुण्यात आपल्याच महाराष्ट्राविरुद्ध त्याने नाबाद 304 केल्या. त्या एका महिन्यात हजारावर धावा. कर्नाटकाने सुरुवातीच्या अपयशानंतर त्याला वगळलं असतं तर?

इथे थोडं गणित. फलंदाजीत अपयश हीच नेहमीची गोष्ट आहे, यश अधूनमधून. हिशेब मांडला तर 40 ची सरासरी असलेला, म्हणजे उत्तमच फलंदाज, दहापैकी जवळपास चार डावांत वीसच्या आत बाद होतो. याचा अर्थ 4, 0, 62, 11, 7 अशी पाच डावांची रांग चांगल्या फलंदाजाचीही असू शकते. आता रणजीत नव्याने आलेल्या मुलाला किती डाव मिळतात? बहुतेकदा पाच-सहा. तेवढ्यावर त्याला चांगला किंवा वाईट ठरवणं म्हणजे दोन सरी पडल्यावर पावसाळा कसा जाणार ते सांगणं. आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावायची गरज नाही.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो, डोळ्यांत तेल घालून बघायचा काळ एकोणीस ते चोवीस हा आहे. त्यात काय-काय असतं? 16 वर्षांखालील मुलांना विजय मर्चंट करंडक, 19 वर्षांखालच्यांना कूचबिहार आणि विनू मंकड, मग 23 वर्षांखालील कर्नल सी. के. नायडू करंडक, मग रणजी. नायडू करंडकाचे सामने फारसे कुणी बघत नाही, पेपरात दोन ओळी येतात, आणि फलंदाज घडतो तो नेमका तिथे. राहुल द्रविड 19 वर्षांखालील भारतीय संघाचा प्रशिक्षक असताना एका खेळाडूला या वयोगटाचा एकच विश्वचषक खेळता येईल असा नियम आला. हेतू साधा होता. पोरांनी पोरांतच रमू नये, लवकर पुरुषांमध्ये जावं, मार खावा, शिकावं.

आपल्या मराठवाड्यातच या रस्त्याच्या तीन तऱ्हा दिसतात.

आमच्या जालन्याचा विजय झोल. 2011 मध्ये कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद 451. चारशे एकावन्न! 2012 च्या विश्वविजेत्या 19 वर्षांखालील संघात होता आणि 2014 च्या विश्वचषकात भारताचा कर्णधार. त्या संघात त्याच्या हाताखाली श्रेयस अय्यर, संजू सॅमसन, कुलदीप यादव खेळले. ते तिघं पुढे भारताकडून खेळले, विजय तिथवर पोचला नाही. याचं एकच कारण सांगणारा माणूस भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मी एवढंच म्हणेन की जालन्यासारख्या गावातून एक डावखुरा मुलगा देशाचा कर्णधार होतो, ही गोष्ट माझ्या लेखी तेव्हाही मोठी होती आणि आजही आहे. तिच्या पुढचं पाऊल हा वेगळा खेळ असतो, हे आम्ही गावकऱ्यांनी तेव्हा ओळखलं नव्हतं. आम्हाला वाटलं होतं, आता झालंच.

दुसरा पैठणचा अंकित बावणे. 2007-08 च्या मोसमात, शाळकरी वयातच तो महाराष्ट्राकडून प्रथम श्रेणीचा सामना खेळला. ऑक्टोबर 2016 मध्ये वानखेडेवर दिल्लीविरुद्ध स्वप्निल गुगळेबरोबर तिसऱ्या विकेटसाठी 594 धावांची अभंग भागी, त्यात बावणेच्या नाबाद 258. संगकारा आणि जयवर्धने यांचा 624 चा विश्वविक्रम तीस धावांवर राहिला आणि महाराष्ट्राने डाव घोषित केला. त्याच सामन्यात समोरून ऋषभ पंत नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाने 308 ठोकल्या. पंतला भारताची टोपी मिळाली, बावणेला नाही. पण वर्षानुवर्षं महाराष्ट्राच्या मधल्या फळीचा भार वाहणं हे अपयश आहे असं म्हणणाऱ्याशी माझं भांडण आहे. फलंदाज म्हणून पूर्ण घडणं आणि भारताकडून खेळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीत जागा अकराच असतात.

तिसरा बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर. तो रेल्वेत गेला. नोकरी आणि क्रिकेट एकाच छताखाली. डिसेंबर 2001 मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी कसोटी पदार्पण. ऑगस्ट 2002 मध्ये इंग्लंडमधल्या हेडिंग्लेला ढगाळ हवेत, ओलसर खेळपट्टीवर सलामीला येऊन त्याने 236 चेंडूंत 68 धावा केल्या. पुढे द्रविड 148, तेंडुलकर 193, गांगुली 128, आणि भारत डावाने जिंकला. लोकांना ती तीन शतकं आठवतात. मला 236 हा आकडा आठवतो. त्या दिवशी किती चेंडू त्याने नुसते सोडले असतील!

बांगरच्या गोष्टीत रेल्वे आहे, ते महत्त्वाचं आहे. एकवीस-बाविसाव्या वर्षी पोराची पदवी संपलेली असते. घरात बहिणीचं लग्न, दुष्काळी वर्ष, सोयाबीनला भाव नाही. चांगल्या इंग्लिश विलोच्या बॅटला पंधरा-वीस हजार सहज लागतात आणि ती मोसमात फुटते. पुण्यात राहायचं तर खोलीभाडं, मेसचं बिल. वडील तोंडाने काही म्हणत नाहीत, पण पोराला कळतं. कव्हर ड्राइव्ह बिघडला म्हणून सुटलेला फलंदाज मी क्वचित पाहिला. या वयात हिशेब जुळला नाही म्हणून सुटलेले पुष्कळ पाहिले. आता महाराष्ट्र प्रीमियर लीग आहे, 2023 पासून, त्यात सुरुवातीला छत्रपती संभाजी किंग्स हा आपल्या नावाचा संघही होता. या लीगमधून थोडा पैसा आणि ओळख मिळते, ते चांगलंच आहे. मात्र वीस षटकांच्या खेळात पोराला टिंबं खेळायला शिकता येत नाही, ती सोय दुसरीकडे करावी लागेल.

आपण मात्र सगळा जोर सोळाव्या-एकोणिसाव्या वर्षी लावतो. शतक झालं की चौकात बॅनर, जीपमधून मिरवणूक, फेटा, शाल, नारळ. करावं, कौतुक जरूर करावं, लेकराला बरं वाटतं. पण तोच मुलगा बावीस वर्षांचा असताना नायडू करंडकात तीन डाव अपयशी ठरतो तेव्हा त्याला फोन कुणाचा येतो? त्या काळात त्याला शाल नको असते. जिल्ह्यात एक नीट पाणी मारलेली टर्फ विकेट, आठवड्यातून तीन दिवस गोलंदाजी टाकणारे दोन अनुभवी गोलंदाज, आणि महिन्याला ठरलेली रक्कम देणारी अर्धवेळ का होईना पण नोकरी, हे हवं असतं. मिरवणुकीच्या खर्चात टर्फची वर्षभराची निगा निघते की नाही, हे एकदा जिल्ह्यातल्या मंडळींनी बसून पाहावं.

सचिन धसबद्दल विचारणाऱ्यांना मी आता असं सांगतो, त्याचं धावफलक बघताना धावांच्या शेजारचा चेंडूंचा रकाना बघा. बाद कसा झाला ते बघा. सलग तीन वेळा एकाच पद्धतीने बाद झाला असेल तर काळजी, आणि चौथ्यांदा तसा झाला नाही तर आनंद, भले धावा वीसच असोत. तारीख विचारू नका.

परभणीकडच्या त्या मुलाचं पुढचं एक पान माझ्याकडे आहे. दोन वर्षांनंतरचं. मधल्या काळात तो त्याच गोलंदाजाला शोधत त्याच्या गावी जायचा, रविवारी पहाटेच्या एसटीने, आणि दोन-दोन तास त्याला खेळायचा. त्या सामन्यात 133 चेंडूंत 41 धावा. समोर पुन्हा तेच दादा. त्यांचे 31 चेंडू खेळला, त्यावर 9 धावा, बाद नाही. संध्याकाळी मी त्याला वही दाखवली. बेरीज त्याने वाचलीच नाही. बोट ठेवून तो टिंबं मोजत राहिला.